आई गाडी शिकली ते दिवस

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात खोल्या तीनच होत्या, पण अंगणात गाडी होती, आणि येणाऱ्याला आधी ती दिसायची. काळी, फुगीर पाठीची, पुढं दोन मोठे गोल दिवे असलेली. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. आमचे आजोबा भिक्षुकी करायचे. सत्यनारायण सांगायला खेड्यापाड्यांत पायी जायचे आणि गुडघ्यापर्यंत फुफाटा घेऊन परत यायचे. त्यांचा मुलगा शिकून वकील झाला आणि कन्नड, वैजापूर, गंगापूरच्या कोर्टांत स्वतःच्या गाडीनं जाऊ लागला. याचं अप्रूप घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालताना आई जरा जास्तच वेळ लावायची. हार घालून झाला की दोन पावलं मागं जाऊन बघायची, पुन्हा पुढं येऊन हार सारखा करायची.

थंडीत ती गाडी एका दमात सुरू होत नसे. आण्णा चोक ओढून बसायचे, आतून घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा आणि बंद पडायचा. मग मी आणि माझा धाकटा भाऊ विनू मागून ढकलायचो. ती एकदम हुंदका देऊन सुरू झाली की आम्ही दोघं धुरात उभे, आणि आण्णा पुढून हात बाहेर काढून हलवायचे. पुढची सीट सलग होती, बाकासारखी, आणि गियरचा दांडा स्टिअरिंगजवळच असल्यामुळे मध्ये कुणीही बसू शकायचं. उन्हाळ्यात रेक्झिन तापून मांड्यांना चिकटायचं. पेट्रोलचा, रेक्झिनचा आणि आईच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीचा मिळून एक वास होता, तो मला अजून कधी कधी कारण नसताना येतो. खिडक्या कायम उघड्या. रस्त्यानं जाताना कुणी ना कुणी हाक मारायचं, "काय वकीलसाहेब, आज कुठं?" आणि आण्णा गाडी हळू करून उत्तर द्यायचे. विनूच्या आताच्या गाडीत काचा बंद असतात, थंडगार हवा असते, आणि प्रत्येकजण आपापल्या जागी पट्ट्यानं बांधलेला असतो. पट्टा लावला नाही तर गाडी टुंगटुंग करून जीव नकोसा करते. मला ते आवडत नाही, पण मी तक्रार करत नाही. त्या जुन्या गाडीत पट्टा नव्हता, आणि त्याचा अर्थ काय होतो ते मी फार लवकर पाहिलं.

गंगापूरहून परत येत होतो. शाळेला सुट्टी होती म्हणून आण्णांनी मला बरोबर नेलं होतं. मी पुढं, त्यांच्या शेजारी. ते मला कोर्टातली काहीतरी गंमत सांगत होते, आणि सांगता सांगता वाक्य अर्धंच राहिलं. मला वाटलं, आठवतायत. मग त्यांची मान एका बाजूला वळली आणि वळतच राहिली. हात स्टिअरिंगवर ताठ झाले. गाडी रस्ता सोडून उतारानं ज्वारीच्या शेतात शिरली. दोन्ही बाजूंनी ताटं खाडखाड आपटायला लागली आणि मऊ रानात चाकं रुतून ती आपोआप थांबली. माझं कपाळ पुढं आपटलं, पण मला ते नंतर कळलं. आण्णांचं सगळं अंग थाडथाड उडत होतं आणि तोंडातून फेस येत होता. मी ओरडत बाहेर पळाले. शेतातली माणसं आली, त्यांनी आण्णांना कुशीवर निजवलं, कांदा हुंगवला. ते डोळे उघडून माझ्याकडं बघायला लागले तेव्हा त्यांना माझं नाव आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या रोज घ्यायच्या आणि गाडीच्या चाकावर पुन्हा बसायचं नाही. घरात ठरलं की बाहेर काही बोलायचं नाही. फिट येणाऱ्या वकिलाकडं कोण आपला खटला देणार? उद्या न्यायाधीशांसमोर पडला तर? शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "स्टिअरिंग जाम झालं हो." बिचाऱ्या गाडीवर आळ आला. तिला अंगणात जुनी चादर घालून उभी केली, आणि आण्णा बसनं जाऊ लागले. कागदांची पिशवी मांडीवर, गर्दीत अंग चोरून. परत आले की पायरीवर बसून राहायचे. आई पाणी द्यायची, ते तांब्या तसाच धरून बसायचे. गाडी विकायचं कुणी नाव काढलं की उठून आत जायचे.

एका रविवारी, दुपारची भांडी घासून झाल्यावर, आईनं पदर खोचला, अंगणात जाऊन चादर ओढून काढली, झटकली, घडी केली, आणि गाडीचं दार उघडून आण्णांच्या जागेवर बसली. आण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

"काय करायलीस?"

"मला शिकवा," आई म्हणाली.

आण्णा हसले. आई हसली नाही. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि ती समोरच्या भिंतीकडं बघत होती, जणू तिथून रस्ता सुरू होत होता. मग आण्णांनी पेपरची घडी घातली, आत जाऊन किल्ली आणली आणि दुसऱ्या बाजूनं गाडीत बसले. तोपर्यंत त्या बाजूला मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांना पाय कुठं ठेवावेत हे कळत नव्हतं.

रेल्वे स्टेशनच्या पलीकडं तेव्हा मोकळा माळ होता. तिथं शिकवणी चालायची. आण्णा शिकवायचे ते साक्षीदाराची उलटतपासणी घेतल्यासारखं. "का थांबलीस? समोर काय होतं? काही नव्हतं ना? मग थांबलीस का?" आई चप्पल काढून अनवाणी पायांनी चालवायची, कारण चप्पल निसटायची. मी आणि विनू मागं. गाडी बेडकासारखी उड्या मारायची, आमची डोकी टपाला लागायची आणि हसू दाबता दाबता आमची पोटं दुखायची. घरी येताना दोघं एकमेकांशी बोलत नसत. पण संध्याकाळी स्टोव्हसमोर पाटावर बसून भाकरी थापताना आईचा डावा पाय आपोआप पुढं सरकायचा, क्लच दाबल्यासारखा खाली जायचा आणि हळूहळू सैल व्हायचा. तिला ते कळतही नसे. आण्णा ताटावर बसून ते बघायचे आणि आमटी ओरपायचे.

लायसन्स मिळालं. गल्लीत काय काय बोललं गेलं ते आमच्या कानांवर आलं. वकिलीणबाईंना मिरवायची हौस आली, वकीलसाहेब बायकोच्या मुठीत गेले. खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून दोघंही ऐकून घ्यायचे. लांबच्या कोर्टाला जायचं असलं की आई सकाळी सगळा स्वयंपाक उरकून आण्णांना घेऊन निघायची. सुट्टी असली की मला न्यायची, आणि ते फिरायला म्हणून नव्हे. माझं काम ठरलेलं होतं. मी आण्णांच्या बरोबर मागं बसायचं आणि त्यांच्या मानेकडं लक्ष ठेवायचं. मान वळायला लागली की आईला "थांब" म्हणायचं, आणि त्यांना कुशीवर करायचं. त्यामुळे त्या सगळ्या रस्त्यांवरची झाडं, डोंगर, किल्ला मला फारसं आठवत नाही. मला आठवते ती आण्णांची मान. शर्टाची स्वच्छ कॉलर, कानामागचा एक पांढरा होत चाललेला केस, आणि घामानं चमकणारी तपकिरी कातडी. आजच्या गाड्यांत चालवणाऱ्याचा डोळा लागला तरी गाडीला कळतं म्हणे, ती ओरडून उठवते. विनूनं मला हे सांगितलं तेव्हा मी नुसती हं म्हणाले. ते काम मी केलेलं आहे, आणि ते लहान मुलीला देऊ नये इतकं जड असतं. पण दुसरं कोण होतं?

त्या दिवशी कन्नडला तारीख होती. मोठा खटला होता, आण्णा पहाटेपासून कागद चाळत होते. आईनं धपाटे केले होते, दह्याचा डबा फडक्यात बांधला होता. आम्ही दौलताबादला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. किल्ल्याच्या पुढं रस्ता तटबंदीतल्या जुन्या दगडी दरवाजातून जातो. तो इतका अरुंद आहे की एका वेळी एकच वाहन निघतं. अजूनही तिथं खोळंबा होतोच. आईनं हॉर्न दिला, पलीकडून काही आवाज आला नाही, म्हणून तिनं गाडी कमानीत घातली. अर्धी आत गेली असेल, तेवढ्यात पलीकडच्या वळणावरून एक बस आली आणि कमानीच्या तोंडाशी येऊन थांबली. बसच्या मागं बैलगाड्या, एक ट्रक. बसला मागं जाणं शक्य नव्हतं. आईनं मागं वळून पाहिलं, मीही पाहिलं. आमच्या मागं एक धनगरीण मेंढरं घेऊन आली होती आणि सगळा रस्ता पांढरा-काळा होऊन गेला होता. आई गडबडली. गियर टाकताना गाडी धक्का देऊन बंद पडली. तिनं पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली.

बसचा ड्रायव्हर खाली उतरून आला. माणूस चांगला होता, रागावला नाही. आण्णांच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "साब, आप बैठो ना चाकपे. भाभी को जरा बाजू में होने दो. ऐसे तो शाम हो जाएगी."

बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. कुणीतरी म्हणालं, "आता बायका गाड्या हाकायला लागल्यावर हेच व्हायचं." हशा झाला. आण्णांच्या मानेवर लाल रंग चढत गेलेला मी पाहिला. ते उतरले, गाडीला वळसा घालून आईच्या बाजूला आले. कमानीत जागा इतकी कमी की दार जेमतेम अंग चोरून शिरण्यापुरतं उघडलं.

"सरक तिकडं," ते म्हणाले.

आई सरकली नाही.

"अगं, सरक. दोन मिनिटांचं काम आहे."

"त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत," आई म्हणाली. हळू आवाजात, पण कमानीखाली आवाज घुमतो. 'त्याला' म्हणजे कशाला, हे तिथं आम्हा तिघांनाच माहीत होतं. "मी सरकणार नाही. तुम्ही काही म्हणा."

"आवं बाई, साहेबांचं ऐका की," बसमधून आवाज आला. दुसरा म्हणाला, "साहेबांना येत तरी असंल का चालवता?" पुन्हा हशा. आईनं स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या कोपराकडं सरकून रुतल्या होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती समोरच बघत होती. तिच्या जागी मी असते तर ओरडून सगळं सांगून टाकलं असतं. तिनं नाही सांगितलं. ते सांगायचं की नाही, हे तिच्या हातात नव्हतं.

आण्णांचा हात दारावर होता. त्यांनी आईच्या तोंडाकडं पाहिलं, मग मागं माझ्याकडं. मग त्यांनी दार हळूच लावून घेतलं आणि बसकडं वळले. कोर्टात उभे राहायचे तसे ताठ झाले.

"ऐका," ते म्हणाले. "मला फिट येते. गाडी चालवताना आली होती, ही पोरगी माझ्या शेजारी होती. मेलो असतो दोघं. म्हणून मी चालवत नाही. आमच्या घरात गाडी ही चालवते, आणि नीट चालवते. ती आता मागं घेईल. हसायचं थांबवा आणि तिला जागा द्या."

मेंढरांचं बें बें तेवढं ऐकू येत होतं. बसचा ड्रायव्हर मान खाली घालून उभा राहिला. ती धनगरीण काठी टेकत पुढं आली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत, कडेवर एक कोकरू. तिनं आधी आईला पाहिलं आणि तिचं तोंड आश्चर्यानं उघडंच राहिलं. "बाई हाकायली व्हय गाडी!" मग आण्णांकडं वळून, बाजारभाव सांगावा तशा सहज सुरात म्हणाली, "माझ्या दिराला बी येती की ती. पाण्याच्या कडंला एकला सोडत नाय आमी त्याला, येवढंच. मेंढरं लई राखतो. तुमी काळजी नका करू. मी जितराब कडंला घेते, येऊ द्या मागं. पर हळू, कोकरं हायेत पायात."

तिनं जिभेनं एक आवाज काढला आणि तो सगळा कळप तटाच्या कडेला सरकला. आण्णा मागं जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, जिथून ते आईला आरशात दिसतील. त्यांनी हात वर केला. आईनं गाडी सुरू केली, यावेळी ती लागली. "ये. ये. थोडी डावीकडं. ये." उलटतपासणी नाही, घाई नाही. मी तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. एका ठिकाणी मडगार्ड दगडाला घासलं, कर्रर्र झालं. आण्णा म्हणाले, "असू दे. ये." आई इंच इंच करत मागं आली आणि कमानीबाहेर उन्हात उभी राहिली. बस निघून जाताना ड्रायव्हरनं कपाळाला हात लावून आईला सलाम केला. खिडक्यांतली माणसं आमच्याकडं बघत गेली, पण हसत नव्हती.

खुलताबादचा घाट चढताना गाडी तापली. आईनं ती चिंचेखाली उभी केली, बॉनेटवर ओलं गोणपाट टाकलं, आणि इंजिन गार होईपर्यंत आम्ही धपाटे काढले. आण्णांनी पहिला घास बराच वेळ चावला.

"आता सगळीकडं होणार," ते म्हणाले.

"होऊ द्या," आई म्हणाली आणि त्यांच्या धपाट्यावर दही घातलं.

"अशील जातील."

"जाणारे जातील. तुम्ही खा."

आणि गेलेही. खोटं कशाला लिहू. ते वर्ष ओढगस्तीचं गेलं. मोठी माणसं दुसऱ्या वकिलांकडं गेली, काही तर नमस्कार करायचे टाळायला लागली. पण असेही आले, की ज्यांच्या घरात कुणाला तरी हेच होतं आणि त्यांनी ते कोठीतल्या अंधारात कोंडून ठेवलं होतं. ते कामासाठी यायचे आणि जाता जाता दारात थबकून विचारायचे, कोणत्या डॉक्टरांना दाखवता? आण्णा त्यांना पुन्हा आत बोलावून बसवायचे. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर कोर्टात, देवळात, लग्नात, आण्णा कुठंही गेले तरी आता सोबतच्या माणसांना ठाऊक असायचं. एकट्या माझ्या डोळ्यांवर ते राहिलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

कमानीत अडकलो त्या दिवशी संध्याकाळी बसमधली हकीकत आमच्या आधी उस्मानपुऱ्यात पोचली होती. आम्ही गाडीतून उतरतोय तोच शेजारच्या काकू वाटीत शिरा घेऊन फाटकाशी आल्या. आण्णांनी खांदे आवळून घेतले, आता हळहळ ऐकावी लागणार म्हणून. काकूंनी वाटी माझ्या हातात दिली, गाडीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि विचारलं, "वहिनी, लई अवघड असतं का हो?"

आई काही बोलायच्या आधी आण्णाच म्हणाले, "अवघड काही नाही. शेजारी बसणाऱ्यानं गप्प बसायचं असतं, ते तेवढं अवघड."

आई हसली ती फाटकाला धरून हसली. काकू शेवटपर्यंत गाडी शिकल्या नाहीत, त्यांच्याकडं गाडीच नव्हती. पण हे वाक्य आण्णांनी पुढं कितीजणांना सांगितलं त्याची मोजदाद नाही, आणि स्वतः ते एक दिवसही पाळलं नाही. ती काळी गाडी गेली, दुसरी आली, तिसरी आली, आईचे केस पांढरे झाले, आणि आण्णा शेजारी बसून बोलतच राहिले. हॉर्न दे, हळू घे, त्या सायकलवाल्याचं काही खरं नाही. आई ऐकायची नाही, आणि बोलू नका असंही म्हणायची नाही.

आण्णा गेले त्याच्या थोडे दिवस आधी आम्ही त्यांना दवाखान्यात नेत होतो. विनूनं तेव्हा पहिली बिनगियरची गाडी घेतली होती. ती आपली आपणच गियर बदलते, आवाज जवळजवळ नाहीच. विनू चालवत होता, आई त्याच्या शेजारी, आणि मागं माझ्या मांडीवर डोकं ठेवून आण्णा पडले होते. दोन दिवसांपासून ते कुणाशी बोलले नव्हते. क्रांती चौकातल्या पुलाचा चढ लागला तशी गाडीची घरघर बारीकशी बदलली. डोळे मिटलेलेच होते, पण आण्णा स्पष्ट म्हणाले, "दुसरा टाक."

विनूनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. आई मागं वळली नाही. समोरच्या रस्त्याकडं बघत, हात मांडीवर होते तसेच ठेवून म्हणाली, "टाकला."